फर्निचर बिघडले कोणामुळे, शिव्या खाल्ल्या कोणी?

नव्या घरातले फर्निचर वर्षभरात बिघडले की पहिली शिवी बसते ती कारपेंटरला. ज्याने पैसे घेतले तो फोन उचलत नाही. ज्याने माल ठरवला तो साइटवर फिरकत नाही. ज्याच्या हातात फक्त कटर आणि पटाशी होती, तो मात्र समोर सापडतो. मग त्याची मशीन अडकवून ठेवायची, त्याला 'भय्या' म्हणून हिणवायचे, दोन ठोसे लगावायचे आणि न्याय मिळवला असे समजायचे. आमचे म्हणणे सरळ आहे. मापाने बनवून घेतलेल्या फर्निचरचा वाद पैसे घेणाऱ्याशी घाला आणि तो कागदावर घाला. कारागिराला बदडल्याने फुगलेला प्लाय खाली बसत नाही.

काही कार्यकर्ते मित्र विचारतील, चळवळीने आता किचन ट्रॉलीची भांडणे सोडवत बसायचे का? हा मध्यमवर्गाचा प्रश्न आहे, आपला नाही. आम्हाला हा युक्तिवाद मान्य नाही. आज वन बीएचके घेणारा आपला माणूस कोण आहे? महापालिकेतला सफाई कामगार, एसटीतला मेकॅनिक, शाळेतली शिपाई मावशी, खासगी कंपनीतला पहिल्या पिढीचा पदवीधर. पंधरा-वीस वर्षे कर्जाचे हप्ते फेडायचे आहेत आणि फर्निचरला भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले आहेत. त्याचे तीन लाख बुडाले तर पुन्हा उभे राहायला वडिलोपार्जित काही नाही. दुसऱ्या बाजूचा कारपेंटर तर त्याहून कोरडा. तोही आपल्यासारखाच श्रमिक. दोन कष्टकरी एकमेकांच्या गचांडीला धरतात आणि मधला दलाल निवांत घरी बसतो. हा प्रश्न चळवळीचा नाही, तर कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात पिंपरी-चिंचवडमधले एक प्रकरण आमच्याकडे आले. एका परिचारिका ताईंनी नव्या घरासाठी किचन आणि दोन वॉर्डरोब बनवून घेतले होते. ठरलेली रक्कम ३ लाख ४० हजार. त्यातले ३ लाख १० हजार काम पूर्ण होण्याआधीच दिलेले, काही रोख, काही यूपीआयने. 'बिल घेतले तर जीएसटी लागेल' असे सांगून ठेकेदाराने बिल दिले नव्हते. हातात एका पानाचे कोटेशन, त्यावर 'ब्रँडेड प्लाय, चांगले हार्डवेअर' एवढेच. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालच्या बॉक्सच्या बाजू फुगल्या, लॅमिनेट सुटले, ड्रॉवर अडकू लागले, वॉर्डरोबचे दार घासू लागले. ठेकेदाराचे उत्तर ठरलेले, "पाणी तुम्ही सांडलंय, त्याला आम्ही काय करणार?"

त्याने दुरुस्तीला कारपेंटरला पाठवले. ताईंच्या भावाने आणि शेजाऱ्यांनी त्याची कटिंग मशीन, ड्रिल आणि राउटर घरात कोंडून ठेवले. "तुझ्या शेठला पैसे घेऊन बोलाव, मग तुझं सामान ने." आम्ही पोहोचलो तेव्हा तो माणूस जिन्यात बसला होता. मशीन नाही म्हणजे उद्याची रोजी नाही. आम्ही आधी त्याचे सामान त्याला परत द्यायला लावले. दुसऱ्याची हत्यारे अडकवून ठेवणे हा आपल्यावरच उलटू शकणारा गुन्हा आहे, हेही भावाला समजावले. मग कारपेंटरला शांतपणे विचारले की माल कोणी आणला. त्याने सांगितले, "दादा, प्लाय शेठच्या टेम्पोतून आला. मला फक्त स्क्वेअर फुटाचा रेट मिळतो. सिंकखाली हा चालणार नाही, हे मी बोललो होतो." त्याच शेठकडे त्याची १८ हजारांची मजुरी थकली होती. ज्याला आपण आरोपी ठरवले, तोच आपला सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार होता. बाल्कनीत उरलेल्या तुकड्यावर छापही मिळाला, आयएस ३०३, एमआर ग्रेड.

आता त्या छापाचा अर्थ समजून घेऊ. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ३०३ या मानकात साध्या वापराच्या प्लायचे दोन ग्रेड आहेत. एमआर म्हणजे हवेतला ओलावा सोसणारा, कोरड्या खोलीतल्या कपाटासाठी ठीक. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकणारा. त्याही पुढचा मरीन प्लाय वेगळ्या मानकाखाली येतो, आयएस ७१०. सिंकखाली, जिथे पाइप ठिबकतो आणि फरशी रोज ओली होते, तिथे एमआर लावणे म्हणजे बिघाड आधीच ठरवून ठेवणे. लॅमिनेट चढल्यावर तिन्ही सारखेच दिसतात. फसवणुकीची जागा हीच. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा की खोटा हे लॅमिनेट लागण्याआधी पाहता येते.

म्हणून फर्निचरमधली खोट तीन ठिकाणी शोधावी लागते. पहिली मालाची, म्हणजे चुकीचा ग्रेड, ठरल्यापेक्षा पातळ प्लाय, हलके चॅनेल आणि बिजागऱ्या. ही जबाबदारी माल आणणाऱ्याची. दुसरी मापाची आणि नियोजनाची. भिंत ओळंब्यात आहे का हे न पाहता बॉक्स बनवणे, सिंकचा पाइप कुठून जातो हे न विचारता खालचा पाट बसवणे. ही जबाबदारी डिझाइन आणि देखरेखीचे पैसे घेणाऱ्याची. तिसरी हाताची. एज बँड नीट न चिकटवणे, कापलेली कड सील न करणे, स्क्रू तिरका मारणे. ही कारागिराची चूक असू शकते आणि ती आम्ही झाकणार नाही. पण रोज अमुक फूट उरकले नाही तर रेट कापणारा मालक वर बसला असेल, तर घाईचे बिल एकट्या कारागिराच्या नावावर फाडता येत नाही. शिवाय ग्राहकाच्या दृष्टीने या तिन्हींचे उत्तर एकाच माणसाने द्यायचे असते. ज्याने पूर्ण कामाचे पैसे घेतले, त्याने.

कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूतला 'दोष' आणि सेवेतली 'त्रुटी' या दोन्हींबद्दल तक्रार करता येते. मापाच्या फर्निचरमध्ये माल आणि काम दोन्ही विकत घेतलेले असते, त्यामुळे तक्रारीत दोन्ही मुद्दे मांडावेत. घर बांधून देणे ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. तोच तर्क घराच्या आतल्या कामालाही लावता येतो. बिल किंवा पावती न देणे ही नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. म्हणजे 'बिल नाही, आता काय करणार' म्हणून रडत बसण्याऐवजी बिल न देणे हाच तक्रारीचा एक मुद्दा करा.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, ती 'करतो, करतो' ऐकण्यात घालवू नका. निकालासाठी कायद्याने ३ महिने आणि मालाची तपासणी लागली तर ५ महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे आम्ही लपवत नाही. म्हणूनच पुरावा पहिल्या दिवसापासून जमवावा लागतो. तारखेसह फोटो, व्हॉट्सॲपचे संदेश, यूपीआयच्या नोंदी, उरलेल्या प्लायचा तुकडा. बिघडलेला भाग ठेकेदार 'बदलून देतो' म्हणून उचलून नेण्याआधी त्याचे फोटो काढा आणि नेल्याची सही घ्या. पहिली पायरी म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.

ताईंनी आधी लेखी नोटीस दिली. उत्तर आले नाही म्हणून आयोगात तक्रार केली. प्रकरण मध्यस्थीला गेले. यूपीआयच्या नोंदी, छापाचा तुकडा आणि कारपेंटरचे लेखी निवेदन समोर आल्यावर ठेकेदार नरमला. सिंकचा बॉक्स नव्याने बनवून देणे आणि ६० हजार परत करणे यावर तडजोड झाली. पूर्ण न्याय झाला नाही, पण हात रिकामे राहिले नाहीत.

कारपेंटरचे १८ हजार मात्र त्या तडजोडीत बसले नाहीत, कारण तो ग्राहक नव्हता. ज्याच्या साक्षीने ताईंना पैसे मिळाले, तो स्वतः त्याच ठेकेदाराच्या दारात हेलपाटे घालत राहिला. साक्ष दिली म्हणून पुढचे कामही गेले. ग्राहक म्हणून जिंकल्यावर आपल्यातल्या किती जणांना हे आठवते?

इथे आम्हाला थोडे मागे जावेसे वाटते. गावगाड्यात सुताराने नांगर, पाभर, तिफण बनवायची, वर्षभर दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर मिळेल ते बलुते घ्यायचे. काम किती आणि दाम किती, हे लिहिलेले नसायचे. महारांच्या वाट्याला तर वतनाच्या नावाखाली अमर्याद राबणूक आली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला आणि कामाची निश्चिती हा त्याचा गाभा होता. काम काय आणि दाम किती हे ठरलेले असणे, ही माणसाला कोणाच्या मेहेरबानीतून सोडवणारी गोष्ट आहे. 'आपला माणूस आहे, लिहून काय घ्यायचे' हे वाक्य प्रेमाचे वाटते, पण ते बलुत्याचेच वाक्य आहे. आपल्याच समाजातला ठेकेदार असला तरी लिहून घ्या. लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. मेहेरबानी मागण्याऐवजी हक्क सांगण्याची ती पहिली तयारी आहे.

तेव्हा युवकांनी आपापल्या वस्तीत एवढे करावे. बुद्धविहारात, अभ्यासिकेत फर्निचरच्या कराराचा एक नमुना ठेवावा. त्यात प्लायचा मानक क्रमांक, ग्रेड आणि जाडी असावी. लॅमिनेट, चॅनेल, बिजागऱ्या यांचे नाव-मॉडेल असावे. प्रत्येक कपाटाचे माप, काम संपण्याची तारीख, दुरुस्तीची हमी किती महिने आणि कशाकशाची, हे असावे. पैसे टप्प्याने द्यावेत. सुरुवातीला थोडे, माल साइटवर येऊन छाप तपासल्यावर काही, बसवणी झाल्यावर काही, आणि निदान एक दशांश रक्कम महिनाभर वापरून पाहिल्यावर. रोख दिले तर सही घ्यावी.

त्याच करारात आणखी एक अट घालावी. शेवटचा हप्ता ठेकेदाराला तेव्हाच मिळेल, जेव्हा तो कारागिराला मजुरी मिळाल्याची सही दाखवेल. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पैसे आपले आहेत, अट आपण घालू शकतो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत सजावटीसह घराच्या आतले सुतारकामही आहे. नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार तो द्यायला टाळाटाळ करतात. कारागिराला या नोंदणीची माहिती देणे आणि दाखल्यासाठी ठेकेदाराच्या मागे लागणे, एवढे आपण नक्की करू शकतो.

आपले कपाट सरळ उभे राहिले आणि ते बनवणारा वाकलेलाच राहिला, तर त्या विजयाला आम्ही विजय म्हणणार नाही. ज्या करारात कारागिराच्या मजुरीची ओळ नाही, तो करार अर्धा आहे. पुढच्या वेळी कोटेशनवर सही करण्याआधी ती ओळ आहे का ते पाहा, नसेल तर स्वतःच्या हाताने लिहा.