विश्लेषण : ‘सर, कोड चालत नाही’ एवढ्यावर उत्तर का मिळत नाही?

‘सर, कोड चालत नाही. प्लीज हेल्प. उद्या सबमिशन आहे.’ सोबत लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन किंवा लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ, प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये असा मेसेज कुणालाच नवा नाही. ग्रुपमधला ओळखीचा सीनियर निदान फोन करून विचारून तरी घेतो. हाच मजकूर ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर टाकला, की काही मिनिटांत उणे मते पडतात आणि प्रश्न बंद होतो. विचारणाऱ्याला वाटते, आपले इंग्रजी कच्चे म्हणून हाकलले. बहुतेक वेळा कारण इंग्रजी नसतेच.

नवख्याला नेमके काय खटकते?

आपल्याकडे मदत मागायची म्हणजे आधी ‘नमस्कार सर’, मग अडचण किती मोठी आहे ते, आणि शेवटी आगाऊ आभार. २००८ मध्ये जेफ अॅटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी सुरू केलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर नमस्कार आणि आभार दोन्ही प्रश्नातून काढून टाकण्याची पद्धत आहे. कोकणातल्या घरात वाढलेल्या मुलाला हा उद्धटपणा वाटला तर नवल नाही. पण तिथला शिष्टाचार निराळा आहे. उत्तर देणारा फुकट वेळ देतो, म्हणून त्याचा वेळ वाचवणे हाच आदर. शिवाय तो प्रश्न फक्त विचारणाऱ्याचा राहत नाही. पुढे तोच एरर आलेली शेकडो माणसे शोधत तिथेच येतात. म्हणून आधी विचारलेला प्रश्न ‘डुप्लिकेट’ ठरवून जुन्या उत्तराकडे पाठवतात. तो अपमान नसतो. उत्तर तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कोडचा फोटो का चालत नाही, हेही यातूनच कळते. फोटोतला कोड कॉपी करून चालवून पाहता येत नाही आणि शोधात सापडत नाही. अंध वाचकाचा स्क्रीनरीडरही तो वाचू शकत नाही.

मग प्रश्नात हवे तरी काय?

बंदरावरच्या मेकॅनिकला नाखवा फोन करतो तेव्हा ‘इंजिन बंद पडले’ एवढेच सांगून थांबत नाही. स्टार्टर फिरतो का, धूर कसला येतो, काल काय बदलले, हे सांगतो. कारण मेकॅनिक किनाऱ्यावर आहे आणि बोट पाण्यात. ऑनलाइन मदत करणाराही तसाच दूर बसलेला असतो.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने मच्छीमार सोसायटीच्या डिझेल वाटपाचा हिशेब पायथॉनमध्ये करायला घेतला. फाइलमध्ये हजारभर ओळी, प्रोग्रॅम दोनशे ओळींचा, आणि मध्येच ‘लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’. सगळेच्या सगळे चिकटवले तर कोणी वाचणार नाही. तिने लिहावे ते असे : ‘पायथॉन ३.१२, विंडोज ११. सीएसव्ही फाइलमधल्या तिसऱ्या रकान्याची बेरीज करते आहे. खालच्या चार ओळींच्या फाइलवर तिसऱ्या ओळीपर्यंत बेरीज बरोबर येते, चौथीवर हा एरर येतो.’ खाली त्या चार ओळी, सहा ओळींचा कोड आणि एररचा जसाच्या तसा मजकूर. हे साध्या, चुकतमाकत इंग्रजीतही सांगता येते. आणि फाइल चार ओळींवर आणताना तिलाच दिसण्याची शक्यता मोठी, की चौथी ओळ रिकामी आहे. रिकाम्या ओळीत तिसरा रकाना कुठून असणार?

याला ‘किमान, पण पुन्हा घडवता येणारे उदाहरण’ म्हणतात. माझ्या मते सगळ्या नियमांत हा एकच नियम पाठ करण्यासारखा आहे; बाकीचे त्याच्यामागून येतात. रायगडकरांना तो परका वाटू नये. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडणार हे उघड होते. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली, तीही चुंबकीय साहित्य टाळून बांधलेल्या इमारतीत. ट्रामचा गोंधळ बाजूला काढल्याशिवाय जमिनीचे चुंबकत्व मोजता येत नाही. दोनशे ओळींच्या गोंधळात चुकीची एक ओळही तशीच दिसत नाही.

चूक फक्त नवख्याची?

नाही. स्टॅक ओव्हरफ्लोनेच २०१८ मध्ये जाहीरपणे मान्य केले, की नवख्यांना आणि बाहेरच्या वाटणाऱ्यांना ही जागा आपुलकीची वाटत नाही. प्रश्न बंद करताना कारण नीट न सांगणे, ‘आधी गूगल कर’ असे फटकारणे, हे नियमात बसत नाही आणि माणुसकीतही. त्याचे इंग्रजीखेरीज स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आणि जपानी अवतार आहेत, मराठी नाही.

वेगळी वाट आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने दाखवली आहे. तिथले सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही ऐकता येतात, आणि प्रश्न विचारताना कोणत्या धड्यात, कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला अडले हे निवडावे लागते. म्हणजे नेमकेपणाची सवय अर्जातच लावलेली. नवख्याला ओरडण्याऐवजी त्याला योग्य रकाना भरायला देणे, ही शहाणी रीत. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रश्न लिहिण्यालाही दोन गुण ठेवले, तर पुण्या-मुंबईत ओळखीचा सीनियर नसलेल्या मुलांना त्याचा सगळ्यात जास्त फायदा होईल.

चॅटबॉट आहे, मग हे कशाला?

चॅटबॉट रागावत नाही, हे त्याचे मोठे आकर्षण. पण मोघम प्रश्नाला तो मोघम, तरीही ठाम उत्तर देतो. चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये बंदी आणली, ती याचसाठी : दिसायला बरोबर, पण अनेकदा चुकीची. आवृत्ती, नेमका एरर आणि छोटे उदाहरण दिले, तर चॅटबॉटचेही उत्तर सुधारते.

पोस्ट करण्याआधी एक तपासणी मात्र विसरू नका. कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआय की राहिली असेल तर काढा. चुकून गेलीच, तर पोस्ट डिलीट करून थांबू नका. तो पासवर्ड, ती की लगेच बदला.