भीतीची गोष्ट मुलीनं लिहिली तर?

परीकथा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गोरीपान राजकन्या, पांढरा घोडा, नाजूक चप्पल आणि शेवटी थाटामाटाचं लग्न. पण हल्ली शाळा-कॉलेजातल्या काही मुली याच गोष्टी उलट्या करून लिहू लागल्या आहेत. त्यांची हिमगौरी काचेच्या पेटीतून उठते, पण तिची सावली पेटीतच राहते. लाल टोपीवाली आजीच्या घरून परत येते, तेव्हा तिच्यामागे चिखलात लांडग्याची पावलं उमटलेली असतात. वाचताना अंगावर काटा येतो. अशी वही आईच्या हाती लागली की तिची झोप उडते, आणि मग मला पत्र येतं!

असंच एका भगिनीचं पत्र समोर आहे. मुलगी दहावीत, अभ्यासात चांगली. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तिनं सिंड्रेला लिहिली आहे. राजपुत्राची माणसं चप्पल घेऊन घरोघर हिंडतात आणि प्रत्येक घरात आईच विळी घेऊन मुलीच्या पायाशी बसलेली असते. “हिच्या डोक्यात असलं येतं कुठून? वही फाडून टाकू का?” असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी, जाता जाता, थोरलीसाठी सध्या स्थळं पाहणं चालू आहे, असंही लिहिलंय.

ताई, वही फाडू नका. आधी जरा ऐका.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये लोककथांचं पुस्तक काढलं. त्यातल्या सिंड्रेलात चप्पल बसावी म्हणून सावत्र बहिणींचे पाय कापले जातात, आणि हाती सुरी देते ती त्यांची सख्खी आईच. थोडं दुखेल, पण तुमच्यातली एक राणी होईल, अशी समजूतही घालते. तुमच्या मुलीनं सुरीच्या जागी विळी घातली, एवढंच! त्याच पुस्तकात हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. 1819 च्या आवृत्तीत तिला सावत्र करण्यात आलं. पोटाला नाही म्हणून हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना जंगलात सोडून देणारी आई तर 1840 मध्ये सावत्र झाली. त्याआधी, 1697 साली, फ्रान्सच्या पेरोनं लाल टोपीवालीची गोष्ट छापली, तिच्यात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते. सुटका नाही, लाकूडतोड्या नाही. म्हणजे काळोख या मुलींनी बाहेरून आणलेला नाही. तो मुळातच होता. पुष्कळसा गोडवाच मागून घातलेला आहे.

हे झालं परदेशाचं. आपल्या श्रावणातल्या कहाण्या तरी कुठं निराळ्या आहेत? शीतळा सप्तमीची कहाणी आठवा. राजानं तळं बांधलं, पण काही केल्या पाणी लागेना. जलदेवतांनी सुनेचा थोरला मुलगा बळी मागितला. मग सुनेला माहेरी धाडलं, नातवाला न्हाऊमाखू घातलं, अंगावर दागिने घातले आणि पलंगावर निजवून तो पलंग तळ्यात ठेवला. तळं भरलं! पुढे सून परत येते, तळ्याच्या काठी वसा करते आणि मुलगा तिला जिवंत मिळतो. आपण हात जोडतो आणि उठतो. पण मधला भाग परक्या गोष्टीत असता, तर आपण त्याला भयकथाच म्हटलं असतं, नाही का?

आमचा पारनेर तालुका अवर्षणाच्या पट्ट्यातला. टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लावणं काय असतं ते इथल्या बायकांना सांगावं लागत नाही. पाण्यासाठी माणूस कुठवर जाईल, ही भीती त्या कहाणीत आहे. पुढे याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीनं पाणलोटाची कामं केली, बांध घातले, तेव्हा लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की तळ्याला पाणी लागतं ते बांधानं, बळीनं नव्हे. पण कहाणीत आणखी एक भीती आहे, आणि ती अजून गेलेली नाही. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. आठवीच्या वर्गात ही कहाणी सांगितली, तर सगळ्या मुलांना मुलगा पाण्यातून वर कसा आला याचीच चौकशी. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, “बाई, पण त्याच्या आईला कुणी विचारलंच नाही का?” खरंच, कहाणीत कुणीच विचारत नाही! घरातला एवढा मोठा निर्णय तिला माहेरी पाठवून होतो. खरी भीती ही आहे.

आणखी एक दाखला देते. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रियर हिनं 1868 मध्ये दख्खनच्या गोष्टींचं इंग्रजी पुस्तक लंडनला छापलं. गोष्टी सांगणारी होती तिची आया, अ‍ॅना लिबेराता डिसूझा. अ‍ॅनानं त्या आपल्या आजीकडून ऐकलेल्या. त्यातल्या सूर्याबाईच्या हातात दारात अडकलेलं राक्षसाचं नख शिरतं आणि ती मेल्यासारखी पडते. युरोपातल्या झोपलेल्या राजकन्येची ही बहीणच! राजा नख काढतो, लग्न होतं, पण गोष्ट तिथं थांबत नाही. थोरली राणी तिला तळ्यात ढकलते. तिचं सोन्यासारखं फूल होतं, ते जाळतात. राखेतून आंबा उगवतो आणि त्याच्या फळातून ती परत येते. अ‍ॅनाच्या आजीला लग्न म्हणजे सुखाचा शेवट वाटत नव्हता, हे उघड आहे. सवतीची भीती तिनं गोष्टीत बांधून नातीच्या हवाली केली.

म्हणून म्हणते, मैत्रिणींनो, मुली लिहितात तर लिहू द्या. तुम्हीही लिहा. दुपारची झाकपाक झाल्यावर अर्धा तास पुरतो. चार गोष्टी मात्र ध्यानात ठेवा.

पहिली, भीती ओळखीची निवडा. आमच्याकडच्या पोरांना जंगलातल्या लांडग्याचं फारसं काही वाटत नाही. पण संध्याकाळी उसाच्या कडेनं एकटं जायचं नाही, बिबट्या असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. लाल टोपीवालीला उसातल्या पायवाटेनं आजीकडे पाठवा, गोष्ट आपोआप आपली होते.

दुसरी, सगळं बदलू नका. एकच टाका उसवा. अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेनं 1979 साली जुन्या परीकथा नव्यानं लिहिल्या. बायकांना मारून कोठडीत ठेवणाऱ्या नवऱ्याची गोष्ट तिनं घेतली. पेरोच्या गोष्टीत शेवटच्या बायकोला तिचे भाऊ सोडवतात. कार्टरच्या गोष्टीत तिची आई घोड्यावरून येते आणि जावयाला गोळी घालते. एवढ्या एका बदलानं जुन्या गोष्टीचा अर्थच पालटतो.

तिसरी, रक्त बेतानं. तिखट जास्त पडलं की भाजीची चव कळत नाही, नुसती जीभ भाजते. तसंच हे. शीतळा सप्तमीचीच कहाणी घ्या. बळीचं वर्णन करूच नका. सून माहेराहून उन्हातून आली आहे. सासू तिला तांब्याभर पाणी देते. “नव्या तळ्याचं आहे, गोड आहे,” म्हणते. सून घटाघटा पिते आणि विचारते, “बाळ कुठंय?” घरात कुणीच मान वर करीत नाही. इथं थांबा! वाचणारीच्या घशात पुढचा घोट अडकला पाहिजे.

चौथी, वय पाहून वाढा. रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं, त्यातल्या चेटकिणीला पोरं घाबरतात आणि खदखदा हसतातही. त्याच मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या, त्या निराळ्या. 2018 च्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटातली साखळदंडानं बांधलेली, भुकेली म्हातारी नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेली. जिच्या मांडीवर गोष्टी ऐकायच्या त्या आजीचीच भीती वाटावी, ही कल्पना मोठ्यांनाही झेपत नाही. तेव्हा लहानग्यांना अशी गोष्ट दिवसाउजेडी सांगा, जवळ घेऊन सांगा आणि शेवटी सुटका नक्की ठेवा. चिमणीच्या दारात भिजणारा कावळा त्यांच्यापुरता पुरेसा आहे.

आता पत्र लिहिणाऱ्या ताईंसाठी. मुलगी जेवत-झोपत नसेल, मैत्रिणींशी बोलणं तिनं सोडलं असेल किंवा स्वतःलाच इजा करण्याचं काही लिहीत असेल, तर तो गोष्टीचा प्रश्न नाही. तिच्याशी लगेच बोला आणि डॉक्टरांना दाखवा, त्यात लाज कसली? पण ती हसतखेळत असेल, तर एवढंच करा. तिची गोष्ट तिच्याकडूनच वाचून घ्या. “हे काय अभद्र!” म्हणू नका. “त्या आयांना विळी घ्यावी का लागली गं?” असं विचारा, आणि ती बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. थोरल्या बहिणीला चालून दाखव, उंची सांग, रंग जरा कमीच आहे असं पाहुण्यांनी म्हटलेलं धाकटीनं आतल्या खोलीतून ऐकलेलं असतं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही, सिंड्रेलाच्या पायात घातलं. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी त्या दोघींना काय हवं-नको ते आधी विचारलंत, तर या गोष्टीचं काम झालं म्हणायचं.

आणि बाकीच्या मैत्रिणींनो, श्रावणात आपण कहाण्या वाचतोच. यंदा त्यातली एखादी सुनेच्या तोंडून लिहून पाहा. ती माहेरी असताना घरात काय चाललं होतं, हे तिला कधी, कुणाकडून कळलं? दोन पानांत बसेल एवढीच लिहा आणि मला पाठवा.