अक्षरे आली, रीत यायची आहे

संगणकाला मराठी येत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने भारतीय लिप्यांना पडद्यावर जागा करून दिली, पुढे युनिकोड रुळले, 2008 मध्ये ‘ॲ’लाही स्वतःचा संकेतांक मिळाला. अक्षरांची लढाई बरीचशी जिंकून झाली आहे. पण पडद्यावरची अक्षरे मराठी झाली म्हणून व्यवहारही आपल्या रीतीने होतो, असे नाही.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी पाहा. तलाठ्याकडची पिकाची नोंद तिने शेतकऱ्याच्या हाती दिली. शेतात उभे राहून फोटो काढायचा आणि पीक सातबाऱ्यावर चढवायचे. हा बदल मोलाचाच आहे, ॲपही मराठीत आहे. क्षेत्र मात्र हेक्टर-आरमध्ये भरायचे. आमच्या जिल्ह्यात, पाथर्डी-पारनेरकडे, जमिनीचा सौदा, भावकीतली वाटणी, नांगरटीचा दर सगळे एकर-गुंठ्यांत चालते. गुंठा साधारण 101 चौरस मीटरचा, म्हणजे आरापेक्षा किंचितच मोठा. तिथे फार बिघडत नाही. पण 40 गुंठ्यांच्या एकराने विचार करणाऱ्याने दीड एकर कापूस सवयीने 1.50 हेक्टर लिहिला, तर क्षेत्र जवळपास अडीच पट फुगते आणि पुढे पीकविम्याच्या वेळी तीच नोंद आडवी येऊ शकते. दोन मापांनी गोंधळ वाढेल, असे कुणी म्हणेल. सरकारी दप्तराला एकच माप हवे, हे मान्य. दप्तर हेक्टरातच राहू द्या. शेतकऱ्याने एकर-गुंठे भरावेत, हिशेब यंत्राने करावा. आकडेमोडीसाठीच तर यंत्र आणले!

घरातली शिकलेली मुले भरून देतात की, हा दुसरा आक्षेप. देतात, खरे आहे. पण ज्या घरात असे कुणी नाही, जिथे एकटी बाई शेती कसते, तिथे नोंद परक्याच्या हाती जाते. आपल्या जमिनीची नोंद आपणच करावी, हा या योजनेचा गाभा. तोच तिथे हरवतो.

जिल्ह्यातली कितीतरी मुले-मुली आज पुण्यात, बंगळुरूत संगणकाच्या क्षेत्रात आहेत. त्यांना आमची विनंती आहे. दिवाळीला गावी आलात की वडीलधाऱ्यांच्या हाती असे एखादे ॲप द्या, मध्ये बोलू नका, आणि ते कुठे अडतात ते लिहून संबंधित खात्याला कळवा.