सगळ्याच बायांना जातं, म्हणून ते ठीक नसतं

१९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रिया तपासल्या होत्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा एखादा तरी आजार निघाला. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

आता गावोगावी आशाताई आहेत. तरी चक्कर येते म्हणून आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन सहा भरतं आणि पाळीत किती जातं विचारलं की उत्तर येतं, "सगळ्याच बायांले जाते न, मॅडम." शेजारणीलाही तेवढंच जात असेल, तर दोघीही आजारी असू शकतात.

म्हणून माप शेजारणीचं नको, कापडाचं घ्या. घडी किंवा पॅड दर एक-दोन तासांनी बदलावं लागतं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, पाळी आठवडा उलटला तरी थांबत नाही, रोवणीला जाणं होत नाही, यातलं एक असलं तरी तपासून घ्या. दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसलं तरीही. पाळी जाऊन वर्ष झालं आणि मग एक डाग जरी पडला, तर 'पाळी परत आली' समजू नका; तिथे कर्करोग नाही ना, हे आधी बघावं लागतं. आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात जोराची कळ, घेरी आली, तर गर्भ नळीत असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्याव्यातच. पण रक्त जातं कुठे हे विचारल्याशिवाय नुसत्या गोळ्या देणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. (आपल्याकडे सिकलसेलही आहे, ती तपासणी वेगळी.) माझं म्हणणं एवढंच, की आशाताईच्या वहीत हिमोग्लोबिनशेजारी 'पाळी किती दिवस, किती कापडं' असा रकाना हवा. माडिया गावांत बाई पाळीत कुर्माघरात राहते. त्या प्रथेवर खूप लिहून झालं आहे. पण ती किती दिवस तिथे होती हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, आणि ते कोणी मोजत नाही!

दवाखान्यात गेलं की पिशवी काढतात, ही भीती खोटी नाही. बीडच्या ऊसतोड बायांच्या बातम्या २०१९ मध्ये आपण वाचल्या. पण जास्त रक्तस्राव बहुतेक वेळा औषधांनी आटोक्यात येतो. चाळिशीच्या आत कोणी नुसती सोनोग्राफी पाहून पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

येताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणा. लिहिणं जमत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक टिकली लावा आणि तेच पान घेऊन या.