काटेरी तार, सायकलचं फ्रीव्हील आणि आपलं वर्कशॉप

प्रथम वर्षाला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या आहेत. लॅप जॉइंट मारला, हातोडीने स्लॅग पाडला, सरांची सही घेतली, जर्नल पूर्ण केलं... आणि तो जॉब? तो भंगारात. मागच्या बॅचचाही तिथेच, पुढच्या बॅचचाही तिथेच जाणार! माझं म्हणणं असं की तेच रॉड, तीच वीज आणि तेच तास वापरून शेतकऱ्याला कुंपणाची तार ताणायचं अवजार करून देता येतं, आणि आपल्या कॉलेजने ते करावं.

मी जांब समर्थचा. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. गावाचं नाव सांगितलं की समोरचा म्हणतो, "हां हां, रामदास स्वामींचं जन्मगाव!" आणि विषय तिथेच संपतो. पण रामनवमी झाल्यावरही गावात माणसं राहतात, शेती करतात. आमच्या भागात कापूस आहे, ऊस आहे, मोसंबीच्या बागा आहेत (जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली जीआय मिळाला, हे होस्टेलच्या ज्यूसवाल्यालाही माहीत नाही). आणि रोही आहेत. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो, रोही म्हणजे नीलगाय. नाव गायीचं, पण कळप रात्री हरभऱ्यात शिरला की सकाळी रान ओळखू येत नाही. जोडीला रानडुकरं. आपण इथे सबमिशनसाठी जागतो, तसं तिकडे घरटी एक माणूस राखणीला जागतो. म्हणून ज्याला जमेल तो तार कंपाउंड करतो.

ज्याला जमत नाही, तो काय करतो हे मात्र कोणी उघड बोलत नाही. साधी तार बांधतो आणि रात्री घरगुती लाइनचा करंट सोडतो. दर हंगामात महाराष्ट्रात कुठे ना कुठे अशा तारेला चिकटून माणूस मेल्याची बातमी असते. कधी शेजारचा, कधी घरातलाच. सोलर झटका मशीन वेगळं. ते साधारण सेकंदाला एकदा, तेही अगदी क्षणभर झटका देतं, त्यामुळे जनावर दचकून मागे सरकतं. मेन लाइन दचकवत नाही, धरून ठेवते. इलेक्ट्रिकलच्या मुलांना हे मी सांगायला नको. साधं काटेरी कुंपण जितकं सोपं आणि कमी मजुरीत होईल, तितकी ही जिवंत तार कमी होईल असं मला वाटतं. म्हणून हा विषय मला अवजाराच्या हौसेपुरता वाटत नाही.

आता कुंपण प्रत्यक्षात कसं होतं ते बघा. तारेच्या बंडलात पहार घालायची, दोघांनी दोन टोकं धरून चालत तार सोडायची. मग एकाने पहारीत तार अडकवून खांबाला टेकू देऊन ओढायची आणि दुसऱ्याने तेवढ्या वेळात पकडीने पीळ मारायचा. पहार सटकली की तार सापासारखी उलटी येते. माझ्या चुलत्यांच्या तळहातावर मनगटापर्यंत गेलेला व्रण आहे, तो अशाच एका दुपारचा.

आमच्याकडच्या एका वेल्डिंगच्या दुकानातल्या मामांनी यावर स्वतःच अवजार काढलंय. बंडलासाठी दोन चाकांचं स्टँड, ज्यावर बंडल रहाटासारखं फिरतं आणि एकटा माणूस तार सोडत जातो. आणि ताणायला सायकलचं जुनं फ्रीव्हील! एक इंची शाफ्टला जुन्या हबचा आटे असलेला तुकडा जोडला, त्यावर फ्रीव्हील चढवलं. फ्रीव्हीलच्या दात्यांभोवती सायकलचीच चेन गुंडाळून ती फ्रेमला पिनेने अडकवली. शाफ्टवर वायर रोप, रोपच्या टोकाला तार पकडणारा जबडा. हँडल फिरवलं की टिकटिक करत रोप गुंडाळतो, हात सोडला तरी मागे येत नाही. वर गंमत अशी की तार जितकी ओढते, तितके फ्रीव्हीलचे आटे आणखी घट्ट बसतात. फ्रीव्हीलला थेट वेल्ड का मारलं नाही, विचारलं. म्हणाले, "अरे बाबा, आतले खटके जळतील ना!" मेटलर्जीचा पेपर न देता आलेलं हे उत्तर आहे.

मी होस्टेलला येऊन हिशोब मांडला. तारेला १५० किलोचा ताण धरा, रोपसकट त्रिज्या १५ मिमी. टॉर्क आला सुमारे २२ न्यूटन-मीटर. आता ६० किलोचा माणूस १७ सेंमीच्या क्रँकवर उभा राहून चढ चढतो तेव्हा क्रँकला १०० न्यूटन-मीटर. पुढे ४४ दाते, मागे १८, म्हणजे फ्रीव्हीलवर ४१. सायकल रोज जे सोसते त्याच्या जवळपास निम्मंच या अवजाराला सोसायचंय. मामांनी कॅल्क्युलेटर न लावता जे निवडलं ते बरोबरच निघालं.

मग आपली गरज कुठे? तर तीन ठिकाणी आहे, आणि तिथे ती खरी आहे. जबड्याला कडक लोखंड पाहिजे, नाहीतर तार निसटते. म्हणून ते गाडीच्या पाट्याचा तुकडा साध्या पट्टीला वेल्ड करतात. पाट्यात कार्बन जास्त. वेल्डशेजारचा भाग झपकन थंड होतो, काचेसारखा ठिसूळ होतो आणि एक दिवस भर ताणात तडकतो. वेल्डच करायचा तर आधी तुकडा तापवा, लो हायड्रोजन रॉड वापरा, नंतर कोरड्या राखेत हळूहळू निवू द्या. त्याहून सोपं म्हणजे दोन भोकं पाडून बोल्ट लावा. दुसरं, तार बांधून झाल्यावर ताण सोडायचा तर ती पिन काढावी लागते, आणि त्या क्षणी हँडल गर्रकन उलटं फिरतं. तिथे एक साधा पट्ट्याचा ब्रेक हवाय. हा एका सेमिस्टरचा छान प्रोजेक्ट आहे! तिसरं, स्टँडला गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरतात. वेल्डिंगच्या आधी जस्त घासून काढत नाहीत, तो पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री ताप भरतो. काळी काच न लावता टाके मारल्याने डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होणं आणि त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवणं, हे तर ठरलेलंच.

आणखी एक. १०० मीटर तार ३० अंश तापमान उतरलं की सुमारे ३.६ सेंमी आखडते. दोन्ही टोकं पक्की असली तर १२ गेजच्या दोन पदरी तारेत कागदावर जवळजवळ ८० किलोचा ताण त्यामुळेच वाढतो. मे महिन्यात टणक ओढलेली तार डिसेंबरात कोपऱ्याचा खांब वाकवते. आमची जमीन काळी, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांब आधीच डुलतो. म्हणजे कोपऱ्याला तिरपा टेकू हवाच, आणि कोणत्या महिन्यात किती ओढायचं याचा एक छोटा तक्ता हवा. हा तक्ता गावातलं कोणी करून देणार नाही. आपण एका संध्याकाळी करू शकतो.

काही जण म्हणतील, "इंजिनिअरने हे करायचं का?" काटेरी तारेचं १८७४ चं प्रसिद्ध पेटंट ज्याचं, तो जोसेफ ग्लिडन इलिनॉयचा शेतकरीच होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक तो घेईनात. कंपनी मोठी झाली ती त्याच नांगरापासून. आणि पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून शाळा सोडलेल्या मुलांच्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला, तो गावाच्या खऱ्या कामांसाठी. आपण त्या मुलांपेक्षा चार पुस्तकं जास्त वाचली, पण आपला जॉब भंगारात जातो!

उन्नत भारत अभियान २०१४ पासून आहे. कॉलेजं गावं दत्तक घेतात, सर्व्हेचे फॉर्म भरतात, झाडं लावून फोटो काढतात. मी झाडांच्या विरुद्ध नाही. पण सर्व्हेत "तुमच्या गावात वेल्डिंगचं दुकान कोण चालवतो आणि त्याचं काय अडलंय" असा प्रश्न मी तरी पाहिला नाही.

वर्कशॉपच्या सरांची अडचण मला कळते. सिलॅबसमध्ये लॅप जॉइंट लिहिलाय, परीक्षक लॅप जॉइंटच बघणार. तर बघू देत ना! स्टँडच्या फ्रेममध्ये लॅप, बट आणि टी तिन्ही जॉइंट येतात. चौघांच्या गटाने एक स्टँड करायचं, प्रत्येकाच्या जॉइंटवर त्याचा रोल नंबर पंच करायचा, मार्क त्यावरच. ताणायचं अवजार मात्र तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी करावं, आणि गावात देण्याआधी ३०० किलोचं वजन टांगून तपासावं. म्हणजे धरलेल्या ताणाच्या दुप्पट. टांगायला सिमेंटची सहा पोती चालतील, सध्या नव्या होस्टेलच्या बांधकामावर भरपूर पडलीत.

फ्रेमचं ड्रॉइंग मी मापांसकट काढलंय. सी विंगमध्ये मेसच्या जिन्याजवळची पहिली खोली. ज्याला हवं त्याने रात्री जेवणानंतर येऊन ट्रेस करून न्यावं. ब्रेकवर कोणाला काही सुचलं तर पेन्सिल सोबत आणा.