मधुपर्णी कीं ब्राह्मी?

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक लहानसा तंटा उपस्थित झाला. तंटा जागेसाठीं होता, आणि ती जागा दोन हात लांब व एक हात रुंद! न्हाणीघर व तुळशीवृंदावन यांच्यामध्यें आमची एक जुनी दगडी डोणी आहे. मागील अंगणांत सकाळचें ऊन काय तें तेथेंच येतें. ती डोणी रिकामी झाली, तेव्हां धाकट्या सूनबाईनें तींत मधुपर्णी लावण्याचा बेत केला. आमचे दादा, म्हणजे माझे वडील बंधु, गेलीं अठरा वर्षें मधुमेही आहेत. त्यांच्या चहाची सोय व्हावी हा तिचा हेतु. वहिनींचें म्हणणें निराळें. नातू दहावीच्या परीक्षेस बसावयाचा होता. त्याच्यासाठीं डोणींत ब्राह्मी हवी. "चहा बिनसाखरेचाहि घशाखालीं उतरतो, गेलेलें वर्ष परत येत नाहीं," असें त्यांनीं ठणकावून सांगितलें. जन्मभर शाळेंत मास्तरकी केलेल्या माणसास निवाडा करतां येतो, अशी घरांत समजूत आहे; त्यामुळें खटला माझ्यापुढें आला.

दोघींचींहि मनें राखावीं म्हणून मीं दोन्ही रोपें एकाच डोणींत लावलीं आणि दोघांस सारखेंच भरपूर पाणी घालूं लागलों. श्रावणाच्या मध्यास मधुपर्णीचीं खालचीं पानें काळवंडलीं, बुंधा मऊ झाला आणि एके सकाळीं रोप आडवें पडलें. ब्राह्मी मात्र त्याच्याभोंवतीं पसरून टवटवीत होती. समदृष्टि म्हणून जो न्याय मी मिरवीत होतों, तो वस्तुतः आळस होता. दोघांची प्रकृति काय, हें पाहण्याचे कष्टच मीं घेतले नव्हते.

मधुपर्णी, जिला शास्त्रज्ञ स्टेव्हिया म्हणतात, तिचें माहेर दक्षिण अमेरिकेंतील पाराग्वे देशांत आहे. तेथील ग्वारानी लोक कडवट पेयांना गोडी आणण्यासाठीं हिचीं पानें फार पूर्वींपासून वापरीत आले. मोइसेस बेर्तोनी या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८९९ मध्यें तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १९३१ मध्यें दोन फ्रेंच रसायनज्ञांनीं पानांतील गोड द्रव्य निराळें काढलें. हीं द्रव्यें शुद्ध केलीं असतां साखरेच्या सुमारें २०० ते ३०० पट गोड असतात. त्यांनीं रक्तांतील साखर वाढत नाहीं, आणि चहांत उकळलीं तरी गोडी जात नाहीं. मागाहून जिभेवर ज्येष्ठमधासारखी किंचित् कडसर चव रेंगाळते, एवढेंच. हिला जमीन भुसभुशीत व निचऱ्याची हवी; मुळांशीं पाणी सांचलें कीं ती कुजते.

ब्राह्मीचें सर्व उलट. ती पाणथळीची रहिवासी. तळ्याचा कांठ, ओढ्याची ओल, भाताच्या खाचराचा बांध हीं तिचीं ठिकाणें. पाण्यांत बुडाली तरी ती जगते. जमिनीसरसी पसरते आणि पेरापेरास मुळें फुटतात. पानें लहान, जाड, रसाळ, समोरासमोर. फूल पांढरें, किंचित् जांभळी झांक असलेलें. चव मात्र चांगलीच कडू.

आतां नांवांविषयीं दोन शब्द, कारण आमच्या घरीं खरा घात नांवानेंच केला. रोपें विकणाऱ्या माळ्यानें स्टेव्हियास 'गोड तुळस' म्हटलें होतें. तुळशीच्या कुळाशीं तिचा कांहींएक संबंध नाहीं. ती झेंडू व सूर्यफूल यांच्या कुळांतली. म्हणून मीं ऐटीनें सांगितलें, "मधुपर्णी म्हणा, तें नांव प्रचारांत आहे आणि भारदस्तहि आहे." पण अमरकोशांत मधुपर्णी हा गुळवेलीचा पर्याय आहे, हें पाठांतर असूनहि त्या वेळीं मला आठवलें नाहीं. पाराग्वेची ही वनस्पति आपल्या कोशकारांस ठाऊक असणें शक्यच नव्हतें.

मधुपर्णीचें दुसरें रोप कुंडींत लावलें तें तगलें, आणि दसऱ्यापासून दादांच्या चहांत पान पडूं लागलें. दादांना जुन्या ग्रंथांचा नाद. माझ्याच कपाटांतील निघंटु काढून त्यांनीं मधुपर्णीचे गुण वाचले. मेहावर उपयुक्त, असें तेथें सांपडलें. वर्णन गुळवेलीचें होतें. दादांनीं तें कुंडींतल्या रोपास लावलें आणि कोणास न सांगतां रात्रीची गोळी बंद केली. दिवाळींत करंज्याहि खाल्ल्या. कार्तिकांत पायाच्या बोटास चपलेनें लहानशी जखम झाली, ती पंधरा दिवस भरेना. डॉक्टरांनीं रक्त तपासलें, गोळीचा प्रश्न विचारला, तेव्हां सारें उघड झालें. बोट वांचलें, पण त्यास दोन महिने लागले. त्या दिवसांत दादांच्या पायाची पट्टी रोज मीच बदलीत असें. ते मला एका शब्दानें बोलले नाहींत. बोलले असते तर बरें वाटलें असतें.

म्हणून वाचकांनीं एवढें पक्कें ध्यानांत ठेवावें : हें पान साखरेच्या ऐवजीं आहे, औषधाच्या ऐवजीं नव्हे. ज्या गोडीस निरनिराळ्या देशांनीं मान्यता दिली, आपल्याकडेहि २०१५ मध्यें मिळाली, ती शुद्ध केलेल्या अर्कास. त्याचेंहि रोजचें प्रमाण ठरलेलें आहे. वजन आटोक्यांत ठेवण्यासाठीं अशा बिनसाखरी गोडीवर विसंबूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ मध्यें सांगितलें आहे. ज्यांस आधींच मधुमेह आहे त्यांस हा सल्ला लागू केलेला नाहीं. त्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारून चालावें.

ब्राह्मीच्या नांवाचाहि असाच घोटाळा आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं ब्राह्मी म्हणून जी मिळते ती मंडूकपर्णी असते. तिचें पान वाटोळें, कडेस दातेरी व लांब देठाचें. ती कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळांतली, तर जलब्राह्मी इसबगोलाच्या. चरकसंहितेंत जीं चार मेध्य रसायनें सांगितलीं आहेत, त्यांत मंडूकपर्णी आहे. तेव्हां तीहि टाकाऊ नव्हे. पण घेणाऱ्यानें काय घेतों हें ओळखावें. जलब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें पुष्कळ काम केलें आहे. स्मरणावर कांहीं अनुकूल परिणाम आढळले, ते कित्येक आठवडे नियमानें घेतल्यावर. परीक्षेच्या आदल्या रात्रीं रस पाजून कांहीं होत नाहीं. कित्येकांस तिनें मळमळ होते व पोट बिघडतें. वहिनींनीं तिचें तेल काढून नातवाच्या डोक्यास चोळलें, रस पाजला नाहीं, हें शहाणपणाचें झालें. तो उत्तीर्ण झाला. श्रेय ब्राह्मीचें, तेल चोळतांना आजीनें अर्धा तास शेजारीं बसण्याचें, कीं त्याच्या अभ्यासाचें, याचा निवाडा मी करणार नाहीं!

लावण्याची रीति थोडक्यांत अशी. मधुपर्णीचें बीं नीट उगवत नाहीं. फांदीचा तुकडा लावावा. कुंडीस भोंक मोठें ठेवावें, मातींत वाळू मिसळावी, वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावें. दिवस लहान होऊं लागले कीं तिला बारीक पांढरीं फुलें येतात; त्यापूर्वीं पानें खुडून सावलींत वाळवावींत, कारण फुलोऱ्यानंतर गोडी उतरते. ब्राह्मीस उथळ पसरट भांडें, चिखलमाती व सदैव ओल पुरे; एक कांडें खोंचलें तरी लागतें. मात्र सांडपाण्याच्या मोरीजवळ ती कधींहि लावूं नये. पाण्यांतील विषारी धातु ती स्वतःच्या अंगांत शोषून घेते.

ज्यांच्याकडे एकच जागा आहे त्यांनीं ऊन व निचरा असेल तर मधुपर्णी, ओल असेल तर ब्राह्मी लावावी. आमची डोणी आतां ब्राह्मीची आहे, आणि मधुपर्णीची कुंडी जिन्याच्या कठड्यावर. दादांनीं गेल्या महिन्यांत त्या कुंडीस एक पाटी बांधली. तींवर त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिलें आहे : "ही गुळवेल नव्हे."