तेच ते... पण तेच नव्हे!

"अरे, बंद कर ती टकटक! तासभर तेच ते चाललंय." सुट्टीला आलेल्या मुलाच्या खोलीवरून जाताना मी नेहमीसारखी ओरडले. तो म्हणाला, "आई, पाच मिनिटं बस. काय बदलतंय ते सांग."

बसले. आधी काहीच कळेना. ठेका तोच, सूर तेच. मग जाणवलं, मघाशी दबका असलेला सूर आता उजळ होतोय... शिजत्या भातावरचं झाकण हळूहळू सरकवावं तसा! मध्येच एक ठोका गळला. तो परत आला तेव्हा अंगावर चक्क काटा आला.

ते वादन चरणजीत सिंग यांचं होतं. हिंदी चित्रपटसंगीतातल्या या वादकाने १९८२ मध्ये यमन, मालकंस असे दहा राग सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्यांच्याकडच्या एका छोट्या जपानी यंत्रात सोळा घरांची सुरावट एकदा भरली की ते तीच वाजवत राहतं. वाजवणारा बटणं फिरवून फक्त आवाजाचा पोत बदलतो. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी याच यंत्रातून नवं नृत्यसंगीत घडवलं. सिंग यांची रेकॉर्ड मात्र तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि त्यांचं नाव परदेशातही झालं.

मैत्रिणींनो, "यंत्राचं संगीत, त्यात कसली कला?" असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण तीनतालाच्या सोळा मात्राही फिरून फिरून समेवरच येतात ना? उलट, बाकी सगळं तेच असतं म्हणून तर बारीकसा बदल कानाला कळतो. तो करायला कसब लागतं आणि ऐकायला धीर.

गणपतीत डीजेच्या भिंतींविरुद्ध अर्ज घेऊन दारोदार फिरणारी मी. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाला माझा विरोध आहे आणि राहील. पण त्या रागात मी मुलाच्या संगीतालाच गोंगाट ठरवून मोकळी झाले होते, ही माझी चूक. आपल्या रोजच्या कामाला कुणी "तेच ते" म्हटलं की आपल्याला किती लागतं! मग न ऐकताच दुसऱ्याच्या आवडीला तसं कसं म्हणायचं?

आता मी दार ढकलून विचारते, "आज काय बदलतंय रे?" तो सरकून जागा करून देतो. तुम्हीही एकदा मुलांशेजारी बसून पाहा. पाचच मिनिटं!